घड्याळ माझं, ठोके कुणाचे

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. कारण वैद्यकीय. भावनिक अजिबात नाही.

काल स्टोअरकीपरला स्मशानात पोहोचवून आलो. वय एक्कावन्न. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. शुक्रवारी दुपारी गोडाऊनमध्ये खुर्चीत बसला होता, समोर मालाचं रजिस्टर, हातात पेन. पॅकिंगवाली बाई सही घ्यायला गेली तर हा तसाच. सही अर्धी. आडनावापर्यंत पोहोचलाच नाही.

ती अर्धी सही मी पाहिली. पाहायला नको होती.

मी या कारखान्याचा सेफ्टी ऑफिसर. आम्ही पुठ्ठ्याची खोकी बनवतो. एकशेऐंशी माणसांची दर तीन महिन्यांनी मी फायर ड्रिल घेतो आणि माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: काहीही होवो, डोकं शांत. तेव्हा माझं डोकं शांत आहे. फक्त शुक्रवारपासून घास गिळवत नाही, एवढंच.

निष्कर्ष: तो जेवताना वरून मीठ घ्यायचा. आणि एक मजला चढायचा तरी लिफ्ट. म्हणजे कारण स्पष्ट आहे. कारण स्पष्ट असलं की बरं वाटतं.

म्हणून वरून मीठ बंद. लिफ्ट बंद. रोज दहा हजार पावलं. राग बंद.

७.१५. बायकोने मीठदाणी परत टेबलावर ठेवली. रागावलो. राग उद्यापासून बंद.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

चौथा मजला. बहात्तर पायऱ्या. बायकोलाही सोबत घेतलं, कारण संकल्प दोघांचा असला की टिकतो असं वाचलंय. ती शाळेत भूगोल शिकवते, दिवसभर उभी असते, तिला जड जायचं कारण नाही. पण दुसऱ्या मजल्यावर थांबली आणि पर्समध्ये किल्ल्या शोधत बसली. मी वर पोहोचलो, नाडी ११८, आणि हिचं अजून खाली खुडबुड खुडबुड. किल्ल्या माझ्या खिशात होत्या! तसं वरून ओरडून सांगितलं तर म्हणाली, हो का, बरं झालं. तरी आणखी मिनिटभर तिथेच उभी.

पर्स आवरायला सांगितली आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मुलीने घड्याळ पाठवलं. ती दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरमध्ये आहे. फोनवर म्हणाली, आई सांगते तुम्ही दर तासाला स्वतःचं मनगट धरून बसता, ते काम आता यंत्राला करू द्या. माझ्या नकळत घरात माझ्या तब्येतीवर चर्चा चालते, याची नोंद घेतली.

घड्याळ मात्र भारी. ठोके मोजतं, पावलं मोजतं, झोप मोजतं, कडेला बोट टेकवलं तर ईसीजीसुद्धा काढतं. एकेकाळी त्यासाठी माणसाला अंगभर तारा लावून झोपवायचे. आज मी हे ऑफिसच्या बाथरूममध्ये उभ्या उभ्या केलं. नऊ वेळा.

संध्याकाळी ६.३०. माझ्या नावापुढे सगळीकडे लाल रंग. 'वजन धोकादायक.' खिडकी उघडून बसलो. मुलीला फोन केला. तिने शांतपणे विचारलं, बाबा, उंची किती टाकलीत? बघितलं. उंचीच्या जागी वजन आणि वजनाच्या जागी उंची. घड्याळाच्या मते मी अडीच फूट उंच आणि एकशेसत्तर किलोचा. तरी दिवसभर जिवंत धरलं, हे विशेष.

रविवार, ९ फेब्रुवारी

मेव्हणा आला. पंखे विकतो पण बोलतो सर्जनसारखा. डाव्या कुशीवर झोपा, पाणी घोट घोट प्या, सकाळी पायांचे तळवे चोळा. मागच्या वर्षी उजवी कुशी सांगत होता. विचारलं तर म्हणाला, संशोधन पुढे जातं.

ते मात्र खरं. दुपारभर वाचन केलं. छाती न उघडता हृदयाची झडप बसवतात. डोळ्याच्या पडद्याच्या फोटोवरून हृदयाचा अंदाज बांधण्याचे प्रयोग चालू आहेत. वाचता वाचता मोठा धीर आला. विज्ञान ज्या वेगाने चाललंय तो पाहता मला काही व्हायच्या आत त्यावर उपाय निघालेला असेल. म्हणजे तपासणी जितकी उशिरा करावी, तितकी फायद्याची. हे लोकांच्या लक्षात कसं येत नाही?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

कारखान्यात वार्षिक आरोग्य तपासणी. आयोजक मीच. मशीनवाले, पॅकिंगवाले, ड्रायव्हर, सगळ्यांना रांगेत उभं केलं. कँटीनच्या दारावर मी स्वतः पोस्टर लावलंय: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, तर वेळ घालवू नका. प्रत्येकाकडून ते पाठ म्हणून घेतलं. स्टोअरकीपरमुळे सगळे मुकाट्याने म्हणत होते.

स्वतःच्या नावापुढे 'कामात व्यस्त' लिहिलं.

पण डॉक्टरीणबाई तरुण आणि चलाख. सामान आवरताना म्हणाली, साहेब, बसा दोन मिनिटं. बसलो. बीपी १६८ आणि १०२. मी म्हटलं, तुमचा पांढरा कोट पाहून वाढलं. ती म्हणाली, असेल, काहींचं वाढतं, म्हणून घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजा, लिहून आणा.

परत जाताना लिफ्ट वापरली. पाय थरथरत होते. थरथरत्या पायांनी जिना चढणं सेफ्टीच्या नियमात बसत नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

बीपीचं मशीन आणलं. १५८. पुन्हा: १६४. पुन्हा: १७१. अकरा वेळा घेतलं, प्रत्येक वेळी जास्त.

तळमजल्यावरच्या सिस्टरकडे गेलो. तीस वर्षं वॉर्डात काम करून रिटायर झालेल्या आहेत, बिल्डिंगभर त्यांना सिस्टरच म्हणतात. त्यांनी सांगितलं, आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर. मग दोनदा मोजायचं आणि मशीन कपाटात. असं दिवसभर फुगा फुगवत बसलात तर कुणाचंही चढेल. मग म्हणाल्या, डॉक्टरकडे जा की सरळ. मी म्हटलं, जाणारच आहे. म्हणाल्या, कधी? मी म्हटलं, आकडे जरा चांगले आले की.

का हसल्या, कळलं नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

पावलं: २,१००. मुलीला तिच्या फोनवर माझी पावलं दिसतात. रडका चेहरा पाठवला तिने. उत्तर म्हणून मी अंगठा पाठवला.

बायको दुपारभर झोपली. रविवारी दुपारी झोपणं हृदयाला चांगलं की वाईट, यावर दोन मतं आहेत. उठल्यावर दोन्ही सांगितली.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

कल्पना सुचली. माझं काम कागदाचं, पावलं पडणार कुठून? तिचे दिवसाला सहा वर्ग, तीन मजले, स्टाफरूम. उद्या घड्याळ तिच्या हातावर. ती म्हणाली, ही फसवणूक आहे. मी म्हटलं, कुटुंब एकच असतं. ती म्हणाली, मग माझे सहा वर्गही वाटून घ्या. पण घालणार आहे.

बुधवार, १९ फेब्रुवारी

संध्याकाळी ६.१०.

शाळेतली शिवजयंती, मिरवणूक उरकून ती आल्यावर घड्याळ हातात घेतलं. पावलं ६,४००. खूश झालो. तेवढ्यात फोनवर मेसेज. जसाच्या तसा: 'आज सकाळी ११.४० च्या सुमारास तुमचे ठोके अनियमित असल्याची चिन्हं दिसली. डॉक्टरांचा सल्ला घ्या.'

मी बाथरूममध्ये आहे. दार लावून. बादली पालथी घालून त्यावर बसलोय. म्हणजे सुरू झालं. स्टोअरकीपरलाही कुणीतरी असं सांगितलं असेल का? सांगितलं नसेल, त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. मुलीचं अजून लग्न व्हायचंय. विम्याची फाइल निळी, वरच्या कप्प्यात. हे बायकोला माहीत आहे का? छातीत डावीकडे काहीतरी आहे. दुखत नाही. पण आहे.

बाहेरून ती विचारतेय, पोट बिघडलंय का.

६.५०. अरे!

११.४० ला घड्याळ माझ्या हातावर नव्हतंच! तिच्या हातावर होतं! ११.४० ला मी पुठ्ठा कापायच्या मशीनचं गार्ड तपासत होतो, ठणठणीत. देवा. बादली सरळ करून ठेवली. बाहेर येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

घड्याळात वय, वजन, उंची सगळं माझं. दुसऱ्याच्या हातावर ते गोंधळणारच. तिला सांगितलं नाही. उगाच घाबरेल. शिवाय पावलांची भानगड मुलीपर्यंत जाईल. मेसेज पुसून टाकायला गेलो, तो नोंदीत राहतोच म्हणे. राहू दे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

फार हलकं वाटतंय. मोठ्या आजारातून उठल्यासारखं. जिना दोनदा चढलो. ती हल्ली लिफ्टने येते. इच्छाशक्तीचा प्रश्न आहे.

शनिवार, २२ फेब्रुवारी

नकाशे तपासता तपासता ती म्हणाली, कधी कधी छातीत पाखरू अडकल्यासारखं फडफडतं हो. मी सविस्तर समजावलं. मलाही फडफडतं. टेन्शन. परीक्षा जवळ आल्यात. माझ्या श्वासाच्या व्यायामाचा व्हिडिओ तिला पाठवला. तिने उघडलेला नाही, दोन खुणा निळ्या झालेल्या नाहीत.

सोमवार, २४ फेब्रुवारी. दुपारी २. हॉस्पिटल, आयसीयूबाहेर

ऑफिसची बॅग सोबत आली, त्यात ही डायरी होती. हाताला काहीतरी काम हवं म्हणून लिहितोय. सगळं नीट क्रमाने लिहायचं.

काल रविवार. सकाळी ती टेबलावर मुलांचे नकाशे तपासत होती. मी बाल्कनीत श्वासाचा व्यायाम सुरू केला. जाताना ती म्हणाली होती, बाहेर वारा आहे, शाल घ्या. स्पष्ट म्हणाली होती.

आत आलो तर पेन्सिल जमिनीवर. मी म्हटलं, पेन्सिल पडली तुझी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलली. शब्द होते, वाक्य नव्हतं. 'ते वाटेत... चष्मा... वाटेत.' मला वाटलं, रागावलीय. मी म्हटलं, चष्मा डोळ्यावरच आहे की. मग तिच्या समोरचा नकाशा दिसला. एका मुलाचा नदीचा नकाशा. त्यावर लाल रेघ काढलेली, नदी सोडून, समास सोडून, कागदाबाहेर टेबलावर गेलेली.

तिचा उजवा हात टेबलावर होता. काढून ठेवलेल्या हातमोज्यासारखा.

आता मी काय केलं ते लिहायचं आहे. मी नाडी पाहिली. स्वतःची. १३१.

मग म्हटलं, पाणी पी, दमली आहेस, जरा आडवी हो. पाणी ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून खाली आलं. मी ते रुमालाने पुसलं. पुन्हा पाजलं. पुन्हा पुसलं. एकशेऐंशी माणसांकडून जे पाठ म्हणून घेतलं त्यातला एक शब्द डोक्यात आला नाही. एक शब्द नाही. मग एकदम सगळं पोस्टर आठवलं. त्यावरच्या चित्रातल्या बाईसह. मी तिच्या नावाने ओरडलो आणि जिन्याने खाली पळालो. फोन खिशात होता. तरी पळालो.

सिस्टर एप्रनसकट वर आल्या. दारातूनच पाहिलं आणि मला म्हणाल्या, "अँब्युलन्स. आधी फोन. पाणी बंद करा." तिला कुशीवर झोपवलं. मला विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, आत्ताच. त्यांनी पुन्हा विचारलं, "आत्ताच म्हणजे किती वाजता?"

हॉस्पिटलच्या दारातही तोच प्रश्न. एक तरुण डॉक्टर स्ट्रेचरसोबत धावत होता, धावता धावता विचारत होता: "या शेवटच्या नीट कधी होत्या? तुम्ही शेवटचं नीट कधी पाहिलंत यांना?"

मला सांगता येईना. तिचा चेहरा आठवून पाहिला. दिसेना. त्या सकाळचा नाही, आदल्या दिवसाचा नाही. माझे ठोके मला मिनिटामिनिटाचे माहीत होते.

मग घड्याळात व्यायामाची वेळ सापडली. सुरुवात ८.१२. शालीचं ती त्याच्या जस्ट आधी बोलली होती. डॉक्टर म्हणाला, "आठ बारा. ठीक. वेळेत आहोत." आणि दार बंद झालं.

स्कॅन. रक्ताची गाठ मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत अडकलेली. आधी गाठ विरघळवायचं इंजेक्शन. मग कागद पुढे आला, सही करा. मांडीच्या सांध्यापाशी बारीक छिद्र पाडून तिथून तार वर मेंदूपर्यंत नेणार आणि गाठ ओढून काढणार. मी विचारलं, डोकं उघडणार? नाही म्हणाले. मी विचारलं, वाचेल? म्हणाले, सही करा.

सही पूर्ण केली. पेन सोडवेना.

पन्नास मिनिटं. डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली, म्हणाले, निघाली. मोबाईलवर फोटो दाखवला. पांढऱ्या कापडावर एक काळपट लाल ठिपका, तांदळाच्या दाण्याएवढा. एवढ्याशाने तिचं बोलणं, हात, सगळं अडवून धरलं होतं.

मुलगी काल संध्याकाळी आली. माझ्याशेजारी बसलीय. काही विचारत नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

उजव्या हाताची बोटं हलली. दोन. मुलगी रडली. मी बाहेर जाऊन आलो.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचे ठोके अनियमित आहेत. बहुधा काही दिवसांपासून येऊन-जाऊन असणार. असे ठोके पडतात तेव्हा हृदयात रक्त साकळतं आणि गाठ वर जाऊ शकते. मग विचारलं, "कधी धडधड, दम, छातीत फडफड अशी तक्रार? कुठे नोंद, ईसीजी, काही?"

मुलगी माझ्याकडे पाहत होती.

मी म्हटलं, नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी

सिस्टर डबा घेऊन आल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुम्ही जेवत नाही, झोपत नाही, काय दडवताय? मी म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या, वॉर्डात मी फार नवरे बघितलेत. डॉक्टर विचारतात ते गुन्हा शोधायला नाही, औषध ठरवायला.

डॉक्टरांच्या केबिनबाहेर वीस मिनिटं उभा होतो. आत गेलो, फोन टेबलावर ठेवला. म्हटलं, "ही नोंद एकोणीस तारखेची आहे. घड्याळ तिच्या हातावर होतं."

त्यांनी वाचलं. "बरं केलंत, आणलंत ते. घड्याळ म्हणजे निदान नव्हे, पण दिसलं असतं तर आम्ही लगेच ईसीजी काढला असता." मग विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. पण मला वाटलं होतं, माझं आहे."

"आणि मग?"

"मग कळलं, माझं नाही."

त्यांनी फाइलमध्ये लिहिलं. बराच वेळ लिहिलं.

घड्याळ काढून बॅगेत टाकलं. मनगटावर पांढरा पट्टा उमटलाय.

शनिवार, १ मार्च

वाचा शिकवणारी बाई चित्रांचे पत्ते घेऊन येते. कंगवा दाखवला तर ही म्हणाली 'नदी'. छत्रीला 'बेट'. खुर्चीला बराच विचार करून 'पठार'. स्वतःच हसली. अर्धं तोंड हसलं. मग रडायला लागली, पूर्ण.

शेवटी बाईने माझ्याकडे बोट केलं, हे कोण? ही माझ्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिलो. अठ्ठावीस वर्षांचा संसार. मग म्हणाली, 'तपासनीस.'

बाई म्हणाली, छान, जवळपास आहे. नात्यांचे शब्द येतील हळूहळू.

शनिवार, ८ मार्च

घरी आलो. लिफ्टने. रक्त गोठू नये म्हणून तिला रोज दोनदा गोळी, वेळ चुकवायची नाही. गजर मी लावलेत. तीन. एक चुकला तर दुसरा, दुसरा चुकला तर तिसरा. मुलगी म्हणाली, बाबा, आईने पहिल्याच गजराला घेतली, बाकीचे बंद करा.

ती झोपली की दारात उभा राहून पांघरूण वरखाली होतंय ना, ते पाहतो. एकदा तिने डोळे न उघडता म्हटलं, "आहे. जा."

गुरुवार, १३ मार्च

मुलीने हाताला धरून नेलं. कंपनीचीच डॉक्टरीणबाई. मनाची तयारी करून गेलो होतो. निळी फाइल मुलीला दाखवून ठेवली होती.

ईसीजी नॉर्मल. रक्त ठीक. बीपी १६२ आणि ९८. घरचे आकडेही तसेच, म्हणजे कोटाचा दोष नाही. रोज एक गोळी, मीठ कमी, अर्धा तास चालणं. मी विचारलं, बाकी? म्हणाली, बाकी काही नाही. मी विचारलं, काही स्कॅन वगैरे? काही तार वगैरे? म्हणाली, गोळी घ्या.

गोळी इतकी लहान की हरवेल. पाकिटातला कागद उलगडला, टेबलभर झाला. चक्कर येऊ शकते, पाय सुजू शकतात, खोकला येऊ शकतो. तिला कुणी आधार द्यायचा, मला चक्कर आली तर? सोमवारपासून सुरू करणार. आठवड्याची सुरुवात बरी.

गुरुवार, २० मार्च

गोळी व्यवस्थित चालू. त्रास नाही.

मुलगी परवा परत गेली. घरात आम्ही दोघं. तिला आता वाक्य जुळतं, थांबत थांबत. मला तर आधीपासून बोलता येतं, तरी एक गोष्ट तोंडातून निघत नव्हती. तीन वेळा तिच्यासमोर जाऊन बसलो. एकदा हवेविषयी बोललो. एकदा पंख्याविषयी.

आज डायरी उघडून तिच्यासमोर ठेवली. एकोणीस फेब्रुवारीचं पान. म्हटलं, वाच. आणि उभाच राहिलो, शाळेत प्रगतिपुस्तकावर सही घेताना राहायचो तसा.

बोट ओळीखाली धरून वाचलं. फार वेळ लागला. बादली, फाइल, पोळ्या. दोन पोळ्यांच्या ओळीवर बोट थांबलं. मला वाटलं, आता. आता ती उठून आत जाईल आणि दार लावून घेईल, आणि ते बरोबरच असेल.

ती म्हणाली, "त्या दिवशी... पावलं... किती?"

मी म्हटलं, सहा हजार चारशे.

"माझी," ती म्हणाली. "तिला... सांगा. माझी होती."

तिच्यासमोरच मुलीला फोन लावला. सगळं सांगितलं. घड्याळ, मेसेज, डॉक्टरांना आधी खोटं बोललो ते. मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मला आत्ता बोलायचं नाही बाबा, उद्या करते. आणि ठेवला.

बायकोने पान उलटलं आणि पुढचं वाचायला लागली. मी भांडी घासायला गेलो. घासलेलीच होती, पुन्हा घासली.

गुरुवार, २७ मार्च. सकाळी ९

मुलीने आज आठवड्याने फोन उचलला. आईची चौकशी केली. शेवटी म्हणाली, आणि तुम्ही? म्हटलं, उत्तम. गोळी रोज, न चुकता. चालणं वाढतंय. एकूण मी यातून बराच शहाणा होऊन बाहेर पडलोय, हे कुणीतरी नोंदवायला हवं.

उजव्या हाताला रोज चार ओळी लिहायला सांगितल्यात. तिची वही संपलीय. ही डायरी घे म्हणून पेन हातात दिलं. मी बघत बसलो की लिहीत नाही, म्हणून आतल्या खोलीत जातो.

आज हात बरा. काना जमतो. वेलांटी हलते.

यांनी लिहिलंय गोळी रोज घेतो. पाकीट पाहिलं. दहाच्या दहा आहेत.

वारा नाही. ऊन आहे.

मी पाणी घेऊन आत जाते.